तळघरातलं पाणी उपसायची मोटर बसवायला माणूस कसा निवडावा?

प्रश्न ठाण्याहून आला आहे. संगमेश्वर तालुक्यात उतारावर बांधलेलं घर, खाली तळघर, मागची भिंत डोंगर कापून उभी केलेली. गेली दोन वर्षं आषाढात तळघरात घोट्याच्या वर पाणी साचतं. घरी आई-वडील दोघंच, त्यामुळे भाताची पोती आणि काजू बी वर नेताना त्यांची दमछाक होते. म्हणून खड्डा करून मोटर बसवायचं ठरलं आहे. एका कारागिराने फोनवरच ‘एक एचपीची मोटर लावून देतो’ म्हणून रक्कम सांगितली. दुसरा म्हणतो, आधी येऊन बघतो, येण्याचे पैसे पडतील, मग काय ते सांगतो. वडिलांचं म्हणणं, विहिरीवरची मोटर मीच बसवली, हीसुद्धा मी बसवीन. तर काय करावं?

दुसऱ्याला बोलवा आणि त्याच्या येण्याचे पैसे आनंदाने द्या. रत्नागिरी जिल्ह्यात बावीस वर्षं मी पंप आणि त्यांच्या विजेचं काम करतो आहे. तळघराच्या कामात मोटर निवडणं हा सगळ्यात सोपा भाग. पाणी कुठून येतं आणि उपसल्यावर ते कुठे जाणार, हे आधी कळलं पाहिजे. ते बघायला न येता एचपीचा आकडा सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो, आणि तो अंदाज चुकला की पोती पुन्हा आई-वडिलांनाच उचलावी लागतात.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जांभा दगड सच्छिद्र. पाणी त्यातून आरपार खाली जातं आणि खालच्या चिकण मातीच्या थराला लागलं की पुढे वाट नसल्यामुळे आडवं वाहू लागतं. डोंगर कापून भिंत बांधली की नेमकी तीच वाट आपण उघडी करतो. म्हणून जूनमध्ये कोरडं असलेलं तळघर आषाढात मागच्या भिंतीच्या बुडातून पाझरायला लागतं आणि श्रावणात फरशीच्या सांध्यांतून उमाळे फुटतात. हे एक प्रकारचं पाणी. दुसरं पाणी वरून येतं: पन्हळ तुंबलेली, पागोळ्यांचं पाणी भिंतीलगतच पडतंय, किंवा अंगणाचा उतार घराकडे आहे. या दुसऱ्या पाण्याला मोटर लागतच नाही. पन्हळ साफ करून पाणी पाइपने लांब नेलं आणि अंगणाचा उतार सुधारला की काम होतं.

दोन्हींतला फरक ओळखायची एक साधी खूण आहे. पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत तळघरातलं पाणी वाढायचं थांबत असेल, तर ते वरचं पाणी. दिवसभर उघडीप असूनही पाझर चालू राहिला, तर जमिनीतलं. वडिलांना एवढं लक्षात ठेवून लिहायला सांगा. येणाऱ्या कारागिराला त्या कागदाचा फार उपयोग होईल.

चांगला माणूस आल्यावर तळघरात उतरण्याआधी तुमच्या विहिरीपाशी जाईल. श्रावणात विहिरीचं पाणी काठापासून किती खाली आहे ते तो मोजेल. मग गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली लेव्हलची नळी लावून विहिरीचा काठ आणि तळघराची फरशी यांच्या उंचीत किती फरक आहे ते काढेल. विहीर घराच्या खालच्या अंगाला असेल आणि तरीही तिचं पाणी फरशीच्या पातळीपेक्षा वर उभं असेल, तर तळघर पाण्यातच बसलंय असं समजायचं. मोटर लागणार, आणि ती बरीच चालणार. विहीर वरच्या अंगाला असेल तर या एका मापावर भरवसा ठेवू नका. उताराच्या जमिनीत पाण्याची पातळीही उतरती असते. विहिरीबद्दल एक शब्दही न विचारणाऱ्या माणसाला मी तळघराचं काम देणार नाही.

त्यानंतर तो घराच्या खालच्या अंगाला जाईल. तुमचं घर उतारावर आहे म्हणता, तर ही गोष्ट फार महत्त्वाची. तळघराची पुढची बाजू उघडी असेल आणि पुढची जमीन फरशीपेक्षा खाली असेल, तर पाणी आपोआप बाहेर काढता येतं. मागच्या भिंतीच्या बुडाशी आतून किंवा बाहेरून चर काढायचा, त्यात भोकांचा पाइप घालायचा, भोवती खडी, खडीवर गाळण-कापड, आणि दहा फुटांना सव्वा इंच एवढा उतार देत पाइप बाहेर न्यायचा. याला वीज लागत नाही, मोटर सुरू करायचा कॅपॅसिटर लागत नाही, रात्री दोन वाजता कोणाला उठावं लागत नाही. कोकणातल्या उतारावरच्या निम्म्याहून अधिक घरांत मी मोटर न बसवता एवढंच करून परत आलो आहे. खोदकामाचा खर्च एकदाच होतो. जो कारागीर तुम्हाला ‘इथे मोटरची गरज नाही’ असं सांगू शकतो, तोच मोटर लागेल तेव्हा खरं सांगेल.

आता मोटर लागणारच असं धरून चालू.

आधी शब्दाचा घोटाळा मिटवतो, कारण त्यात पैसे वाया जाताना मी बघितले आहेत. आपल्याकडे ‘संप’ म्हणजे पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी. दुकानात जाऊन ‘संपची मोटर’ मागितली की तुम्हाला टाकीतून गच्चीवर पाणी चढवायची मोटर मिळते. ती स्वच्छ पाण्यासाठी आणि उंच चढवण्यासाठी असते. तळघराच्या खड्ड्यात तांबूस गाळ येतो, बारीक खडे येतात, ती मोटर एका पावसात खलास होते. वडिलांनी विहिरीवर बसवली तीही याच कुळातली, म्हणून तो अनुभव इथे पुरा पडणार नाही. मागायचा तो ‘डीवॉटरिंग’ पंप, पाण्यात बुडून चालणारा, गाळ पेलणारा, फ्लोटसकट. फ्लोट म्हणजे पाण्याबरोबर वर येणारा स्विच. पाणी चढलं की मोटर स्वतः चालू, उतरलं की बंद.

किती एचपी, हे मोजून ठरतं. समजा खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद आहे. भर पावसात तो रिकामा करा आणि पाणी दहा सेंटिमीटर चढायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. एवढ्या खड्ड्यात दहा सेंटिमीटर म्हणजे साधारण ८० लिटर. पाच मिनिटं लागली तर मिनिटाला १६ लिटर पाणी येतंय. याला मोठी मोटर कशाला? पण तळघरात गाडीचा उघडा रॅम्प उतरत असेल तर गणित पार बदलतं. शंभर चौरस मीटरच्या रॅम्पवर तासाला १०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर तासात दहा हजार लिटर, म्हणजे मिनिटाला १६७ लिटर पाणी खाली येतं. एकाच तळघराला एक उत्तर १६ आणि दुसरं १६७. फोनवर ‘एक एचपी’ म्हणणाऱ्याला तुमच्या घरी रॅम्प आहे की नाही हे तरी माहीत होतं का?

दुसरं माप उंचीचं. मोटरपासून पाणी बाहेर पडतं तिथपर्यंतचा चढ, अधिक पाइपातल्या घर्षणाचा आणि वळणांचा हिशोब, याला हेड म्हणतात. मोटरच्या पट्टीवर, समजा, ‘जास्तीत जास्त हेड १२ मीटर’ आणि ‘मिनिटाला जास्तीत जास्त ३०० लिटर’ असे दोन आकडे असतात. ते दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. १२ मीटरवर पाणी शून्य असतं आणि ३०० लिटर मिळतात ते चढ जवळजवळ नसताना. तुमच्या चढाला किती लिटर, हे कंपनीच्या तक्त्यात किंवा आलेखात असतं. तो तक्ता दाखवायला सांगा. सहा मीटर चढावर मिनिटाला २०० लिटर हवे असतील तर साधारण पाऊण ते एक एचपी लागते. घरगुती पाझराला बहुतेक वेळा अर्धा एचपी पुरतो. मोठी मोटर घेऊन ठेवली तर बरं, हा समज चुकीचा आहे. छोट्या खड्ड्यात मोठी मोटर मिनिटभरात पाणी संपवते, बंद होते, लगेच पुन्हा चालू होते. प्रत्येक वेळी चालू होताना ती नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तापते. म्हणून मोटर बेताची आणि खड्डा ऐसपैस, असं मी करतो. वरच्या उदाहरणात फ्लोट चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत एक फुटाचं अंतर ठेवलं तर खड्डा भरायला पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे तासाला मोटर चारदाच चालू होते. हे मोटरला मानवतं.

खड्ड्याबद्दल दोन गोष्टींवर अडून बसा. पहिली, जागा. तळघराचा सगळ्यात खोल कोपरा निवडायचा, पण भिंतीच्या पायाला चिकटून नाही. पायाच्या तळापेक्षा खड्डा जितका खोल जाणार, निदान तितकं अंतर पायापासून सोडायचं, नाहीतर पायाखालची माती खड्ड्यात सरकते. दुसरी, गाळणी. बाजूला भोकं असलेलं सिमेंटचं गोल कडं, त्याच्याभोवती कापड आणि खडी, तळाला सहा इंच खडी, आणि मोटर थेट खडीवर न ठेवता चिऱ्याच्या तुकड्यावर. सुरुवातीचे काही दिवस गढूळ पाणी येईल, ते ठीक. महिनाभरानेही बाहेर पडणारं पाणी लालच असेल, तर मोटर तुमच्या फरशीखालची माती उपसून बाहेर टाकते आहे. तिथे पोकळी तयार होते आणि मग फरशी खचते. तेव्हा काम करणाऱ्याला परत बोलवायचं आणि गाळणी नव्याने करून घ्यायची. खड्ड्यावर जड झाकण हवंच, घरात लहान मुलं येणार-जाणार.

पाइपावर एन.आर.व्ही. हवा, म्हणजे पाणी परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह. तो नसेल तर मोटर बंद झाल्यावर पाइपातलं सगळं पाणी खड्ड्यात परत येतं आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा उपसलं जातं. त्या व्हॉल्व्हच्या खाली पाइपाला तीन मिलिमीटरचं एक बारीक भोक पाडतात. पंपात अडकलेली हवा त्यातून निघते. नाहीतर मोटर फिरते, आवाज करते, पाणी मात्र चढत नाही. कारागिराला सहज विचारा, ‘हवा अडकू नये म्हणून काय करता?’ ज्याने खरोखर हे काम केलंय तो लगेच भोकाचं सांगेल.

पाणी सोडायचं कुठे, इथे मी स्वतः एकदा चुकलो आहे. राजापूरकडच्या एका घरी सगळं नीट बसवलं आणि पाइप घराच्या मागे, जास्वंदीच्या झाडांपाशी सोडला. यजमानांना वाटलं झाडांना पाणी मिळेल, मलाही गैर वाटलं नाही. मोटर रात्रंदिवस थांबेना. दोन वेळा मी फ्लोट बदलला. तिसऱ्या खेपेला बाहेर पडणाऱ्या पाण्यात कपड्यांची नीळ मिसळली आणि खड्ड्याशी बसून राहिलो. तासाभरात खड्ड्यात निळं पाणी आलं. जांभ्यातून तेच पाणी फिरून आत येत होतं. यजमानांचं दीड महिन्याचं वीजबिल फुकट गेलं, ते मी माझ्या मजुरीतून वळतं केलं. तेव्हापासून पाइप नेहमी घराच्या खालच्या अंगाला, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पलीकडे, पऱ्याकडे म्हणजे ओहोळाकडे उतरत नेतो. विहिरीत सोडायचं नाही, शौचालयाच्या टाकीत सोडायचं नाही. शेजाऱ्याच्या वाफ्यात किंवा पाखाडीवर (पायवाटेवर) जाणार असेल तर आधी बोलून घ्यायचं, आणि रस्त्याच्या गटारात सोडायचं तर ग्रामपंचायतीला विचारून.

विजेबद्दल मी कोणाचंही ऐकून घेत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभा माणूस, आणि पाण्यात बुडालेली मोटर. एका चिरलेल्या वायरीने जीव जातो. हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराच्या माणसाकडूनच करून घ्या आणि परवाना बघायला मागा, त्यात संकोच नको. या मोटरला स्वतंत्र लाइन हवी, त्यावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. हवा, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, अर्थिंग खरोखर मोजलेलं हवं. स्विच आणि सॉकेट तळघरात नकोत, वरच्या मजल्यावर घ्या. पाण्याखाली वायरीला जोड चालणार नाही, टेप कितीही गुंडाळलेली असो. गावात व्होल्टेज पडतं तेव्हा मोटर जास्त करंट ओढून जळते, म्हणून लो-व्होल्टेजला बंद करणारा स्टार्टर घ्या. वडिलांना सांगा, आठवड्याला एकदा वरून स्विच बंद करून खड्ड्यातला गाळ बघणं आणि मग स्विच पुन्हा चालू करून काठीने फ्लोट उचलून मोटर चालू होते का ते पाहणं, एवढं त्यांनी जरूर करावं. वायरिंगला हात लावू नये. तळघरात पाणी बोर्डापर्यंत चढलेलं दिसलं तर आत उतरू नये, मेन स्विच वर असेल तर तो बंद करावा, खाली असेल तर महावितरणला कळवून पुरवठा तोडायला लावावा.

आणि वीज गेली तर? जोराचा पाऊस आणि वीज जाणं आपल्याकडे एकत्रच येतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. घरातला साधा इन्व्हर्टर ही मोटर चालू करू शकत नाही, पहिल्या झटक्यालाच ट्रिप होतो. पाझर कमी आणि चढ थोडा असेल तर बोटीच्या तळातलं पाणी उपसायचे १२ व्होल्टचे पंप मिळतात, तो एक दुसरा पंप म्हणून थोडा वरच्या पातळीला बसवून घ्या. आठ अँपिअर घेणारा असा पंप १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर, बॅटरी निम्मीच वापरली तरी, नऊ तास चालतो. पाझर मोठा असेल तर जनरेटर. पण जनरेटर किंवा पेट्रोलवर चालणारा पंप तळघरात, पडवीत किंवा खिडकीखाली कधीही चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. तो बाहेर, उघड्यावर, फक्त वरून पाऊस लागणार नाही असा.

चिपळूण, खेड, महाडकडच्या मंडळींसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आला तसा नदीचा पूर या मोटरने हटत नाही, आणि हटवायचा प्रयत्नही करू नये. बाहेर पाणी उभं असताना तळघर घाईने रिकामं केलं तर बाहेरच्या दाबाने भिंत आत येऊ शकते, फरशी उचलली जाऊ शकते. बाहेरचं पाणी ओसरल्यावर एक फूट उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पातळी खुणेच्या वर गेली असेल तर अजून थांबा.

कागदावर काय हवं? खोदकाम, पंप, पाइप-फिटिंग, वीजकाम आणि मजुरी यांचे दर वेगवेगळे लिहून. पंपाचं मॉडेल, आणि दुकानाच्या शिक्क्याचं वॉरंटी कार्ड तुमच्या नावावर. त्याच पंपाचे सील आणि कॅपॅसिटर रत्नागिरीत किंवा चिपळुणात मिळतात का, हेही विचारा. मुंबईहून आणलेला महागडा पंप आणि सुट्या भागासाठी आठ दिवसांची वाट, हे जुलैमध्ये परवडत नाही. त्याच कारणाने कारागीरही दहा-पंधरा किलोमीटरच्या आतला बघा, आणि गेल्या पावसाळ्याआधी त्याने काम केलेल्या दोन घरांत वडिलांना पाठवून चौकशी करा. थोडी रक्कम, पाचवा हिस्सा म्हणा, पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर देण्याचं आधीच ठरवा. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणत नाही. मी कधी म्हटलेलं नाही.

राहिली वेळ. गणपतीला तुम्ही घरी जालच, तेव्हा जमीन पाण्याने भरलेली असते. कारागिराला त्या दिवसांत बघायला बोलवा, पाझर डोळ्यांसमोर असतो. खोदकाम मात्र शिमग्यानंतर, पाणी खाली गेलेलं असताना. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांबरोबर मे महिन्यात खड्ड्यात दोनशे-तीनशे लिटर पाणी ओतून मोटर तुमच्या किंवा वडिलांच्या समोर चार-पाच वेळा चालू-बंद करून घ्या, फ्लोट अडकत नाही ना आणि पाइपाच्या टोकाशी पाणी नीट पडतं ना ते बघा.

यंदा गेलात की मला तीन मापं कळवा: विहिरीचं पाणी काठापासून किती खाली आहे, विहीर घराच्या वर आहे की खाली, आणि तळघराच्या फरशीपासून पुढच्या अंगणाची उतरण किती. चर पुरेल की मोटर लागेल, हे त्यावरून बऱ्यापैकी सांगता येईल.